घोंगड्यावरचा रंगूबाईचा गोटा

रंगूबाईच्या तोंडात अख्खं मोहरखेड राहतं. सरपंच बोलायच्या आधी कसा खाकरतो, किन्हीराजाच्या फाट्यावर कंडक्टर 'चला, उतरा, उतरा' म्हणताना शेवटचा 'उतरा' अर्धा कसा गिळतो, शेजारची भागिरथा दुखणं सांगायला लागली की गुडघ्यापासून निघून कंबर, पाठ, मान करत शेवटी सुनेवर कशी येऊन थांबते, सगळं ती हुबेहूब करते. नवरा जगदेव ओसरीत बसलेला असला तर त्याचाही नंबर लागतो. जगदेव बोलतोच कमी. म्हणून ती त्याचं गप्प बसणं करून दाखवते. भुवया खाली, मिशी वर, आणि एक लांबलचक "हूं". बाया पदर तोंडात कोंबतात. तेवढ्यात ओसरीतून खरा "हूं" येतो आणि मग कोणाला तरी उचकी लागतेच.

या गावाच्या डोक्यावर घोंगड्या डोंगर आहे. पावसाळ्यात ढग त्याच्या माथ्यावर घोंगडी पांघरून बसतो आणि उठता उठत नाही, म्हणून घोंगड्या. सातपुड्याकडचा माणूस याला शिखर म्हणताना गालात हसेल. हसू द्या. चहूकडे तूर, सोयाबीन, हरभरा अशी पाटासारखी सपाट जमीन असताना जे एकटंच मान वर काढून उभं राहतं, त्याला दुसरं काय म्हणायचं? चढायला तो जिन्यासारखा आहे. एक उभा कडा, मग अंग टाकायला एक सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. सगळा काळा दगड. फक्त माथ्याच्या जरा खाली गेरूचा एक लाल पट्टा आडवा गेलाय, पोराच्या कमरेला करदोडा बांधावा तसा.

आणि माथ्यावर गोट्यांचा ढीग आहे. तो बायकांचा. मोहरखेडात नांदायला आलेली सून पहिल्या हिवाळ्यात, तुळशीची लग्नं उरकली की, माहेरच्या अंगणातला एक गोटा घेऊन वर जाते. तिथं माहेरच्या दिशेला तोंड करून गावाचं आणि आईचं नाव मोठ्यानं घेते, गोट्याला हळदकुंकू लावते आणि ढिगावर ठेवते. मग ती या गावची झाली. पुरुषांनी सोबत यायचं नाही. वाट दाखवायला एक जाणती बाई लागते, आणि कित्येक वर्षं ती बाई म्हणजे रंगूबाईच. लहानपणी तिनं याच डोंगरावर गुरं वळली. कुठला दगड पायाखाली डुगडुगतो, कुठल्या सपाटीवर वारा लागत नाही, तिला डोळे झाकून ठाऊक.

गावातल्या झाडून साऱ्या सुनांचे गोटे वर आहेत. रंगूबाईचा नाही.

कारण तिचं माहेरही मोहरखेडच. वरच्या गल्लीतली पोरगी, खालच्या गल्लीत आत्याच्या घरी दिली. नवरदेवाची वरात निघाली तेव्हा वाजंत्रीवाल्यांचं पहिलं गाणंही संपलं नव्हतं, नि नवरीचं घर आलं. मग गाणं पुरं व्हावं म्हणून वऱ्हाड दारात उभं राहिलं. पहिल्या हिवाळ्यात ती गोटा घेऊन निघाली, तर सगळ्या जणी खो-खो हसल्या. "तू कोठचा गोटा नेतं वं? डोंगराचाच गोटा डोंगराले?" नियम साधा होता. गोटा बाहेरचा पाहिजे. रंगूबाईही हसली. गोटा तिनं तिथंच बांधावर टाकला, आणि त्या हसणाऱ्या बायांची नक्कल करून त्यांना आणखी हसवलं. तेव्हापासून ती दुसऱ्यांना वर नेते.

यंदा तिच्या स्वतःच्या सुनेची पाळी होती. विकासची बायको रूपाली. विकास पुण्याला नोकरीला असताना जमलेलं लग्न. पोरगी वाईकडची, भूशास्त्र शिकलेली. जमिनीत पाणी कुठं लागेल ते पाहण्याच्या एका कंपनीत कामाला. वाशीमच्या डॉक्टरनं रंगूबाईच्या गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून मान हलवली होती आणि डोंगर बंद म्हणून सांगितलं होतं. म्हणजे हा फेरा शेवटचा. वर आपलाही एक गोटा असावा, एवढंच तिला अजून वाटत होतं. पण हे तिनं जगदेवला सांगितलं नव्हतं. सांगून काय, "हूं" म्हणाला असता. आणि ज्या नियमावर बोट ठेवून तिनं आजवर गावभरच्या सुनांना वर नेलं, तो आपल्यासाठी मोडायचा कोणत्या तोंडानं?

सकाळी दोघी निघाल्या तेव्हा पायथ्याशी धुक्याची धुवारी अशी दाटली होती की तुरीच्या शेतातून नुसती पिवळी फुलंच चालत येताहेत असं वाटत होतं. रूपालीनं स्वेटर, त्यावर शाल, कानाला रुमाल असा सगळा बंदोबस्त केला होता. खांद्यावरच्या पिशवीत, खणात गुंडाळलेला तिचा गोटा.

"आई, इथं एवढी थंडी, तर वर काय होईल ओ?"

"चाल तं खरी."

पहिला कडा चढून सपाटीवर आल्या तर धुवारी खाली राहिली आणि अंगावर ऊन आलं. रूपालीनं आधी रुमाल सोडला, मग शाल.

"अगंबाई! वर तर गरम आहे की."

"थंडी झोपाले खालीच येते बाई. वर तिले कोन अंथरून टाकते?"

"थंड हवा जड असते ना आई, म्हणून ती उतारावरून खाली घसरते आणि सखल भागात साचते."

"थंड हवा जड अस्ते ना आऽई," रंगूबाईनं लगेच सूर उचलला. तोच 'ना'वरचा झोका, तीच शेवटची किंचित वर उडालेली मान. रूपाली थबकली आणि मग इतकी हसली की एका खैराला धरून उभी राहिली.

"मी अशी बोलते?"

"याच्यापेक्षा गोड बोलतं. माह्या तोंडात गुयसाखर कमी पडते." आणि मग हळूच म्हणाली, "पन खरं हाय तुहं. खालच्या वावरातली तूर दर साली फूल टाकते. या सपाटीवरची टिकते. म्या म्हनलं झोपाले येते, तू म्हनलं घसरते. बात तं एकच हाय."

दुसऱ्या कड्याखाली दगड बदलला. काळा होताच, पण भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे दाणे भरलेले, कोणी तांदूळ पेरल्यासारखे. रूपाली तिथंच उकिडवी बसली. हात फिरवू लागली, जसा नव्या वासराच्या पाठीवरून फिरवावा. हा सगळा एकेकाळी पातळ रस होता, तिनं सांगितलं. जमीन फाटली आणि आतून तापलेला रस वर आला, पसरला, निवला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा निवला. वरच्या अंगाला फेस राहिला, त्याची ही भोकं. पुढं पाणी झिरपलं आणि भोकांत हे खडे धरले. दोन रसांच्या मधल्या काळात वरचा थर ऊन-पावसानं कुजून माती झाली, मग तिच्यावर नवा रस सांडून ती भाजली. तोच तो लाल पट्टा.

"म्हंजे धिरड्यावर धिरडं," रंगूबाई म्हणाली.

"अगदी!"

"आन करनारी कोन होती? माह्या सासूवानी असंल. थांबतच नवती."

वारा सुरू झाला. वाळलेलं गवत सळसळत होतं, आणि कुसळं दोघींच्या लुगड्या-साड्यांना चिकटून फुकट वर चालली होती. रंगूबाईचा गुडघा कुरकुरत होता, पण ती प्रत्येक वळणावर दम खाण्यासाठी नवंच निमित्त काढत होती. इथं रोही, म्हणजे नीलगाई, दिसतात. इथं भागिरथा बसून रडली होती. हे सीताफळाचं झाड पाहून घे, पुढच्या साली येजो.

गेरूच्या पट्ट्याशी आल्यावर ती थांबली.

"हं. आता काढ गोटा. खन सोड."

"आताच? वर गेल्यावर…"

"नाई. इथून पुढं उघडा न्याचा. गोट्याले या डोंगराचं वारं लागलं पायजे. आन हातात धराचा, पिशवीत नाई."

"मग हळदकुंकू तरी लावून घेऊ का?"

"ते वर. आधी नाई चालत."

नियम म्हणजे नियम. रूपालीनं खण सोडला. मुठीत मावेल न मावेल असा काळा, कोपऱ्याकोपऱ्याचा दगड. आईनं स्वतः तुळशीजवळून उचलून दिलेला. एका हातात तो गोटा, दुसऱ्या हातानं खडकाला धरत ती शेवटचा कडा चढू लागली. खालून रंगूबाई सांगत होती, डावा पाय दे, आता उजवा, त्या डुगडुग्यावर देऊ नको. रूपालीनं नेमका त्याच्यावर दिला. दोन्ही हात खडकाकडे गेले. गोटा सुटला, एकदा आपटला, दोनदा उडाला, आणि खालच्या घळीत, जिथं डोंगराची सगळी फुटकी डबर येऊन पडते, तिथं जाऊन निजला.

रूपाली घसरत खाली आली. "दिसला, दिसला! तो बघा, तिथं," म्हणत घळीत शिरली. एक दगड उचलला. ठेवला. दुसरा उचलला. उलटा करून पाहिला. तिसरा. घळीत हजारो गोटे होते, सगळे काळे, सगळे कोपऱ्याकोपऱ्याचे. लाल कुंकवाचं एक बोट जरी लागलं असतं तरी लांबून दिसलं असतं. रंगूबाई वर गेरूच्या पट्ट्याशीच उभी राहून पाहत होती.

"आई," रूपाली खालून म्हणाली. तिचा 'ना'वरचा झोका गेला होता. "मला ओळखू येत नाहीये ओ. माझ्या आईनं दिलेला दगड, आणि मला…"

रंगूबाई बसत, घसटत, लुगड्याची पर्वा न करता घळीत उतरली. पोरीजवळ बसली. पाठीवर हात ठेवला.

"म्याच खन सोडाले लावला. माहीच अक्कल."

"तुमचं नाही ओ. मीच वेडी. वाईच्या अंगणातला दगड आणि इथला दगड, दोन्ही एकच तर आहेत." तिनं डोळे पुसले. "तो रस सांगितला ना मघाशी, तो तिकडं आमच्याकडेही तोच पसरला. आमचे डोंगर, तुमचे डोंगर, मधली सगळी जमीन. एकाच जातीचा दगड. भिंग लावून बघितलं असतं तरी मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते, हा आमचा आणि हा तुमचा."

रंगूबाईनं घळीभर नजर फिरवली. मग वाकून समोरचा एक गोटा उचलला, पदरानं पुसला, आणि रूपालीच्या हातात दिला.

"घे. हाच तुहा."

"पण हा तर डोंगराचा…"

"तूच म्हनलं ना, एका पिठाचे हाय. तुह्या मायनं मनापासून देल्ला, तो यायच्यातच कुठीसा पडेल हाय. त्यायच्यात मियला. आता हा त्याच्याच घरचा. चाल, उठ. रडून गुडघा दुखते, भागिरथाले इचार."

माथ्यावर वारा सरळ कानात बोलतो. वर झाडं नाहीत, नुसता सपाट काळा कातळ, आणि मधोमध तो ढीग. धुवारी आता विरली होती. एकीकडे कारंज्याकडची कपाशीची रानं, दुसरीकडे शिरपूरकडचा मुलूख धुरकट दिसत होता. रंगूबाईनं बाटलीतलं पाणी कातळाच्या कण्यावर ओतलं. सगळ्या सुनांना ती हे दाखवते. पाणी फाटलं, थोडं इकडं, थोडं तिकडं.

"इकडचं पैनगंगेले जाते. तिकडचं काटेपूर्णेले. पुन्हा भेटत नाई."

"पैनगंगा जाते गोदावरीला, म्हणजे बंगालच्या समुद्रात," रूपाली म्हणाली. "आणि काटेपूर्णा पूर्णेत, तापीत, म्हणजे गुजरातकडच्या. बाप रे! एका बाटलीतलं पाणी."

"दोन बहिनी. दोन सासरं," रंगूबाई म्हणाली, आणि बाटलीचं झाकण लावलं.

मग रूपाली वाईच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. रंगूबाईनं नेहमीच्या ठसक्यात विचारलं, "कोन्या गावची? कोनाची?" रूपाली ओरडली. पहिल्यांदा चिरक्या आवाजात, दुसऱ्यांदा पोटातून. गोट्याला हळदकुंकू लागलं, गोटा ढिगावर बसला. पोरीचा चेहरा उजळला, आणि ती ढिगाभोवती फिरत एकेक गोटा कोणाचा ते विचारू लागली.

मग काय, रंगूबाईला रानच मोकळं. "हा चपटा भागिरथाचा. ठेवताना काय म्हनत होती? 'माय वं, कंबर गेली. कंबर गेली तं गेली, आता उतरू कशी? मले इथंच मांडा, गोट्यासंगं.' आन हा मोठ्ठा ज्योत्स्नाचा, कारंज्याची ना ते! 'आमच्या कारंज्यात नं, असे डोंगर नसतेत नं, आमच्याकडं नं, बाजारपेठ असते.' एवढा मोठा आनला की अर्ध्यातून म्याच उचलला."

"आणि तुमचा कुठला?"

रंगूबाईनं तोंड उघडलं. कोणाचा तरी आवाज येईल म्हणून क्षणभर वाट पाहिली. आला नाही.

"माहा नाई."

"नाही म्हणजे?"

"माहेर इथलंच ना. डोंगराचाच गोटा डोंगराले कसा ठेवा?"

"मग मघाशी माझा कसा चालला?"

"तुहा हारपला होता. म्या तं काई सोडलंच नाई. वरच्या गल्लीतून खालच्या गल्लीत आली, एवढंच."

रूपाली तिच्याजवळ येऊन बसली. वाऱ्यानं उडणारा सासूचा पदर तिनं खाली दाबून धरला.

"लग्नानंतर आईकडं राहायला जायचात?"

"कायले? रोजच तं दिसे."

"एक रात्रसुद्धा?"

रंगूबाई डोंगराखाली पाहत राहिली. "आत्याच सासू, ते म्हने, दोन पावलांवर हाय, तिथं काय राहाचं? बाकीच्या दिवाईले जात. पिशव्या भरत, रडत, एसटीत बसत. म्या फाट्यावर पोचवाले जावो. विकासच्या वक्ताले बाकीच्या बायावानी मायकडं नेतील वाटलं, तं आत्याच म्हने, मीच करतो बायंतपन, घरातली तं हाय. माय चूल पेटवे, तं धूर दिसे माह्या आंगनातून. म्या पाहो. आता धुपाटलं असंल, आता फुकनी घेतली असंल. शेवटाले माय गेली तवा भी मले सांगतलं सकाईच. म्हने, रात्री कायले उठवाचं, जवळच तं हाय."

वारा बोलत राहिला. रूपालीनं पदर सोडला नाही.

"आई, मी वाईहून आले तरी एवढ्यात दोनदा राहूनही आले. तुम्ही तर माझ्याहून लांब आलात."

रंगूबाईनं पदर तिच्या हातातून सोडवून कमरेला खोचला. मग हात टेकून उठली, आणि कड्याच्या काठाशी जाऊन गोटे चाळू लागली. रूपाली एक देऊ लागली तर, "हा नको, याचं तोंड कंडक्टरवानी हाय." दुसरा दिला तर, "हा लय गुयगुयीत. आमच्यात कोनी एवढं गोड नाई." सून हसत होती, आणि सासूचे डोळे मात्र दगडांवरून हलत नव्हते. शेवटी कातळाच्या एका कपारीत, जिथून खाली गेरूचा पट्टा दिसतो, तिनं हात घातला. भोकाभोकांचा, पांढऱ्या दाण्यांचा एक लहानसा गोटा निघाला.

"माय गेरू खनाले येई, तवा मले इथं पोत्यावर बसवे. म्हने, हे तांदूय मोज, तवरोक हालू नको. मले मोजता येत नवतं. म्या बसून राहो."

तिनं तो हातात धरला. खण नव्हता, पिशवी नव्हती, काही सोडायचं नव्हतं. रूपालीनं कमरेला खोचलेली कुंकवाची पुडी काढली, घसा खाकरला आणि जमेल तेवढा वऱ्हाडी ठसका आणून विचारलं:

"कोन्या गावची? कोनाची?"

बाकीच्या साऱ्या जणी इथं उभ्या राहून लांब कुठंतरी पाहतात. रंगूबाईनं मान खाली केली. सरळ खाली, डोंगराच्या पायाशी, उन्हात वाळत घातल्यासारखं मोहरखेड पडलं होतं. वरची गल्ली, खालची गल्ली. वरच्या गल्लीत तिच्या माहेरच्या जागी आता दुसऱ्या कोणाचं स्लॅबचं घर आहे, त्यावर पाण्याची टाकी. इथून दोन्ही गल्ल्यांमधलं अंतर एका बोटाखाली झाकलं जात होतं.

"मोहरखेडची," ती म्हणाली. "अंजनाची रंगू."

इतकं हळू, की जवळ उभ्या रूपालीलाही वाऱ्यातून कसंबसं आलं.

"मोठ्यानं ओ आई. सगळ्या ओरडतात."

"मोठ्यानं कायले?" रंगूबाईनं गोटा ढिगावर टेकवला, हललाच तर म्हणून त्याच्या खाली एक चपटी कपची सारली, आणि हात तसाच त्याच्यावर ठेवून उभी राहिली. "जवळच तं हाय. ऐकू जाते तिले."